शेवटच्या हिवाळ्याचं कार्ड

"लॅथ्रॉपवर काय वाटेल ते लिहा, पण त्याचा शेवटचा हिवाळा तेवढा सोडा."

मिस विनिफ्रेड टारबॉक्स हे वाक्य मोठ्याने एकदाच बोलल्या. एरवी त्यांना ते बोलावं लागतच नसे. शाळेच्या ग्रंथालयातला एक लाकडी खण त्यांच्या वतीने ते काम करत होता.

कवी ओबेड लॅथ्रॉप वाचल्याशिवाय या देशात कुणी शाळा सोडत नाही. मेन राज्यातल्या आमच्या कॉब्स नेकमध्ये मात्र नुसतं वाचून भागत नाही, कारण तो आमच्या गावचा. जमिनीचं जे चिंचोळं टोक समुद्रात गेलं आहे, तिथे त्याचं घर अजून उभं आहे. अकरावीच्या प्रत्येक मुलाने त्याच्यावर संशोधन प्रकल्प लिहायचा. वीस पानं, टिपांसकट. नाही लिहिला तर बारावीत जाता येत नाही. आणि एकदा कुणी लिहिलेला विषय पुन्हा कुणाला मिळत नाही. हा नियम १९२२ पासूनचा.

त्यामुळे 'लॅथ्रॉप आणि देव', 'लॅथ्रॉपचे जहाजावरचे दिवस' असे भरदार विषय आमच्या आज्यापणज्यांनीच संपवले. माझ्या वाट्याला 'लॅथ्रॉपच्या पत्रांतलं हवामान' आलं. माझ्या धाकट्या भावाने 'लॅथ्रॉपचे दात' लिहिला, आणि खरं सांगायचं तर तो माझ्यापेक्षा बरा होता. पुढे मी त्याच शाळेत इंग्रजी शिकवायला लागलो आणि हे प्रकल्प तपासणं माझ्याकडे आलं. दर ऑक्टोबरात मुलांना घेऊन मी ग्रंथालयात जायचो. मिस टारबॉक्स टेबलामागे बसलेल्या असायच्या. उजवीकडच्या खणात कोऱ्या विषयांची कार्डं, डावीकडच्या खणात झालेल्यांची. कार्डावर वर विषय, खाली विद्यार्थ्याची सही आणि एक क्रमांक. त्याच क्रमांकाने प्रकल्पाची प्रत मागच्या फळीवर.

मुलगा पुढे आला की त्या त्याच्याकडे मिनिटभर बघायच्या. मग न शोधता एक कार्ड ओढायच्या.

"तू बर्फाला भोकं पाडून मासे धरतोस ना?"

"हो, मिस टारबॉक्स."

"'लॅथ्रॉपचे गळ आणि दोऱ्या'. कर सही."

"पण मला त्याची दाढी हवी होती."

"दाढी एकोणीसशे चौऱ्याहत्तरात गेली. तुझ्याच काकाने नेली. वाच जा, म्हणजे कळेल किती वाईट लिहिलंय ते."

उंच, हाडकुळ्या, बारा महिने रबरी बूट. दुपारी सार्डिन आणि कांद्याचं सँडविच, तेही खिडकीकडे पाठ करून. लग्न केलं नाही. त्रेचाळीस वर्षांत त्या एकही दिवस आजारी पडल्या नाहीत. एक चष्मा तेवढा त्यांच्याजवळ टिकत नसे. सारखा कुठेतरी राहायचा. त्यांच्या साठाव्या वाढदिवसाला आम्ही शिक्षकांनी मिळून चष्म्याला बांधायची एक काळी दोरी आणली, गळ्यात अडकवायची. छोटी भेट, थट्टेतली. त्यांनी डबी उघडली आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. झाकण लावून त्यांनी ती टेबलाच्या अगदी खालच्या कप्प्यात टाकली आणि म्हणाल्या, "मी घोडा नाही." सगळे हसले. मीही हसलो.

दोन वर्षांनी धक्क्यावर बर्फावरून घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून डावा पाय जरा ओढल्यासारखा पडायचा. हॉस्पिटलात मी भेटायला गेलो तेव्हा त्या छताकडे बघत म्हणाल्या, "हेही झालं तर." कुणी यादीवर खूण करताना बोलावं तशा.

१९९९च्या ऑक्टोबरात वर्गात एक नवी मुलगी आली. ओडेट थिबोडो. वरच्या नदीकाठच्या गिरणीच्या गावातून आलेलं फ्रेंच कुटुंब, बाप इथे बोटींच्या कारखान्यात लागला होता. तिच्या आजोबांना, म्हणजे तिच्या पेपेरला, आदल्या जानेवारीत मरण आलं होतं, एकट्याला, जंगलातल्या खोपटात. तिने ते मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, बसची वेळ सांगावी तसं.

विषय घ्यायला ती सगळ्यांत शेवटी आली. उजव्या खणात चारच कार्डं उरली होती. ती तिने पाहिलीच नाहीत. डावा खण उघडून ती त्यातली जुनी कार्डं चाळायला लागली.

"तिथे झालेले असतात, बाळ," मिस टारबॉक्स म्हणाल्या.

"हो, पण बघू तर दे... द्या ना." मग तिने एक कार्ड अर्धं वर ओढलं. "'ओबेड लॅथ्रॉपचा शेवटचा हिवाळा.' क्रमांक चारशे बारा. हाच हवा होता मला. कुणी केला? सही वाचता येत नाही."

"झालाय तो."

"मग वाचते तरी." ती मागच्या फळीकडे गेली. बोटाने क्रमांक मोजत गेली आणि थांबली. "सर, इथे चारशे अकरा आहे, मग एकदम चारशे तेरा."

मी उठून पाहिलं. खरंच. मधे बोटभर फट होती आणि फट धुळीने भरलेली होती. पंधरा वर्षं मी त्या फळीसमोर उभा राहिलो होतो.

"हरवला असेल," मी म्हणालो.

"हरवला असेल तर ठीक. पण लिहिलाच नसेल तर नियमाप्रमाणे विषय मोकळा आहे. हो ना, सर?" आणि उत्तराची वाट न बघता तिने टेबलावरचा मागणीचा कागद पुढे ओढला, पेन्सिल घेतली आणि लिहायला लागली.

मिस टारबॉक्स तिच्या हाताकडे बघत होत्या. ओडेट डावखुरी होती. मनगट वाकडं करून, कागद जवळजवळ आडवा धरून ती लिहायची.

तेव्हा त्या शेवटच्या हिवाळ्याचं ते वाक्य बोलल्या. मग कपाळावरचा चष्मा शोधत उठल्या आणि पाय ओढत मागच्या खोलीत गेल्या.

"काय झालं त्यांना?" ओडेटने विचारलं.

मला माहीत नव्हतं. पुढच्या शुक्रवारपर्यंत विषय ठरला नाही तर मुलगी नापास, एवढंच माहीत होतं. आणि ती दुसरा घेणार नव्हती. "पेपेर शेवटचे तीन महिने काय करत होता, कुणालाच ठाऊक नाही," ती म्हणाली. "याने निदान लिहून ठेवलंय."

शनिवारी दुपारी मी मिस टारबॉक्सकडे गेलो. शनिवारच्या इथल्या रिवाजाप्रमाणे चुलीवर घेवड्याच्या बियांचं मडकं होतं, काकवीचा वास घरभर. न विचारता त्यांनी माझ्यापुढे बशी ठेवली.

"बस, पर्ली. काय विचारायचंय ते मला ठाऊक आहे. ती सही माझी आहे."

मी चमचा खाली ठेवला.

"एकोणीसशे पन्नास. मी सोळा वर्षांची. तेव्हा लॅथ्रॉपच्या वह्या घराबाहेर नेऊ द्यायचे नाहीत, आताही देत नाहीत. दर शनिवारी त्याच्या खोलीत जायचं. खिडकीशी ते लहान टेबल, समोर त्याची खुर्ची. मी वाचायची आणि कार्डांवर टिपणं काढायची. अकरा वह्या झाल्या. बारावी त्या शेवटच्या हिवाळ्याची."

"त्यात त्याचं डोकं फिरलं होतं म्हणतात."

"त्यात तो लिहितो की दर शनिवारी एक मुलगी येते. खिडकीशी बसते. तांबड्या-काळ्या चौकड्यांचा पुरुषी कोट, पायांत विजार. हातात तळव्याएवढे जाड कागद, एकेक लिहून मागे सारते. काही बोलत नाही. तो तिला हाक मारतो, तिला ऐकू जात नाही."

बाहेर कुणीतरी लाकडं फोडत होतं.

"माझ्या अंगावर तेव्हा माझ्या भावाचा कोट होता, पर्ली. तांबड्या-काळ्या चौकड्यांचा."

"असा कोट अख्ख्या मेनमध्ये दर दुसऱ्या माणसाकडे असतो. दीपगृहवाल्याची पोर असेल, अंडी द्यायला येणारी."

"असेल. मग तिने कार्डं कुठून आणली?"

मी बशी बाजूला सारली.

"ऐक पुढे. एका पानावर तो लिहितो, 'आत्ता ती वाचता वाचता थांबली आणि तिने वर माझ्याकडे पाहिलं.' मी ते वाचलं आणि वर पाहिलं. न पाहून कसं चालेल? खुर्ची रिकामी होती. पण रिकामी खुर्ची आपल्याकडे बघत नाही रे. ती बघत होती."

बशीतल्या बिया त्यांनी चमच्याने एका कडेला सारल्या.

"मी ओरडत बाहेर पळाले असते. पण पळायच्या आधी मी मूर्खासारखं शेवटचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं की मुलगी गेली, तिच्या जागी एक म्हातारी आली. एक पाय ओढत. गळ्यात काळ्या दोरीला काचा टांगलेल्या. तिने त्याच्या खुर्चीसमोर एक कार्ड ठेवलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि एक शब्द न बोलता निघून गेली. पुढची ओळ: 'आता थंडी वाजत नाही.' आणि मग कोरी पानं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांना तो खुर्चीत सापडला."

"पण तो मेला त्याला आता एकशे तीस वर्षं झाली."

"गावात मेला. वहीत नाही. मी वही मिटली तिथे तो अजून बसलाय, वाट बघत." त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "मी प्रकल्प लिहिला नाही. त्या वर्षी नापास झाले. कॉलेजची जागा गेली. पुढच्या वर्षी 'लॅथ्रॉपच्या कवितांतले पक्षी' लिहून सुटले. ग्रंथालयात नोकरी लागली त्या दिवशी पहिलं काम काय केलं असेल, तर माझी सही असलेलं कार्ड डाव्या खणात सरकवून दिलं. झालेला विषय. मास्तर खण बघतात, फळी कुणी मोजत नाही. तू तरी कुठे मोजलीस?"

"नाही."

"एक गोष्ट मात्र मला धरून ठेवत होती. तो लिहितो, मुलगी डाव्या हाताने लिहिते. मी उजव्या. एकोणपन्नास वर्षं रोज झोपताना मी स्वतःला सांगितलं, विनी, तू नव्हेस ती. मुलगी तू नाहीस, तर म्हातारीही तू नाहीस." त्या हसल्या, पण तोंडभर नाही. "मुलगी मी नव्हतेच. मी त्या जागेवर अर्धशतक आधी जाऊन बसले होते, एवढंच. आणि परवा ती आली, वाकडं मनगट करून लिहायला लागली."

"मग तिला दुसरा विषय देतो. मी नाही म्हणतो तिला."

"आणि ती नापास होईल. माझ्यासारखी. मग तीही इथेच राहील, एखादा खण राखत." मडक्यावरचं झाकण त्यांनी सरळ केलं. "नको. खा, गार होतंय."

सोमवारी त्यांनी स्वतः नवं कार्ड टंकलं आणि ओडेटपुढे सरकवलं. जुनं त्यांनी खिशात ठेवलं. लॅथ्रॉपच्या घराची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "दर शनिवारी तू बरोबर बस. शेवटचं पान राहिलं की मला सांग. त्याच्या आधी नको."

हिवाळा लवकर आला. दर शनिवारी जेवणानंतर मी दार उघडायचो, लहान शेगडी पेटवायचो, ओडेट खिडकीशी बसायची. मी भिंतीशी बाकावर शाळेच्या मुलांच्या वह्या तपासत. डिसेंबरात थंडी वाढली तेव्हा ती एक कोट घालून आली, गुडघ्यांपर्यंत पोचणारा. तांबड्या-काळ्या चौकड्यांचा.

"पेपेरचा," ती म्हणाली. "भारी दिसत नाही, पण उबदार आहे. काय झालं, सर? डाग आहे का?"

"नाही. बस."

जानेवारीत ती बाराव्या वहीत शिरली. मी तिला काही सांगितलं नव्हतं. मुलीचा उल्लेख आला तेव्हा ती खुदकन हसली. "याच्याकडे कुणीतरी येतंय, सर. माझ्यासारखाच कोट घालून. बिचारा. पेपेरलाही अशी माणसं दिसायची म्हणे. खोपटात दोन कप मांडलेले सापडले आम्हाला."

"तुला भीती नाही वाटत?"

"कुणाची? एकट्या म्हाताऱ्याची?"

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी, चारच्या सुमाराला, खाडीवरचा उजेड निळसर झाला असताना तिची पेन्सिल थांबली. मी वर पाहिलं. तिने वहीवरून मान उचलली होती आणि ती समोरच्या खुर्चीकडे बघत होती. मग ती हसली. आजारी माणसाच्या खोलीत दारातून डोकावून आपण हसतो, तशी. आणि परत वाचायला लागली.

मी उठून तिच्या मागे गेलो. मला जायचं नव्हतं. पानावर तपकिरी शाईत ती ओळ होती: आत्ता ती वाचता वाचता थांबली आणि तिने वर माझ्याकडे पाहिलं. त्याच्या खाली, वेगळ्या ओळीत, दोनच शब्द होते जे मिस टारबॉक्सनी मला सांगितले नव्हते. कदाचित ते वाचायच्या आधीच त्यांनी पान उलटलं असेल.

'ती हसली.'

"सर, तुमचे हात किती गार आहेत," ओडेट म्हणाली. तिच्या खांद्यावर मी हात ठेवला होता हे मला कळलंच नव्हतं.

त्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी मी ग्रंथालयात गेलो. "एकच पान राहिलंय," मी म्हणालो.

मिस टारबॉक्सनी मान हलवली. त्यांनी टेबलाचा खालचा कप्पा उघडला. डबी तिथेच होती, सहा वर्षांची. दोरीच्या गाठी सोडवायला त्यांना बराच वेळ लागला. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाल्या, "राहू दे. घोड्याला आपलं खोगीर आपण घालता आलं पाहिजे."

"तुम्ही नका येऊ. मुलगी पान वाचेल, प्रकल्प देईल, झालं."

"आणि तो?"

"मिस टारबॉक्स, तो नाहीये."

"मग माझ्या येण्याने काय बिघडतं?" त्यांनी चष्मा गळ्यात सोडला. काचा छातीवर हलल्या आणि स्थिर झाल्या. "तिकडे त्या हिवाळ्यात कुणी एवढा वेळ थांबू नये, पर्ली. मीच थांबवलंय त्याला. थंडी असते रे तिथे."

शनिवारी ओडेट नेहमीसारखी बसली. मी बाकावर. वही शेवटच्या लिहिलेल्या पानाशी होती, पण पान उलटायच्या आधी तिने पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. बाहेरच्या बर्फावर पावलं ऐकू आली. एक पाऊल, मग एक ओढ. एक पाऊल, मग एक ओढ. दार उघडलं.

"मिस टारबॉक्स!" ओडेट उठली. "बसा ना. मी माझी खुर्ची देते." आणि मग थोडं लाजून, "झालंच माझं. तुम्हाला वाटतो तितका वाईट नाहीये हा हिवाळा."

मिस टारबॉक्सनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या कोटाची कॉलर वळलेली होती, ती त्यांनी एका हाताने सरळ केली. मग ओडेट बाजूला सरली, शेगडीत लाकूड घालायला खाली वाकली, आणि खिडकीशी म्हातारीच उभी राहिली.

त्या समोरच्या खुर्चीकडे बघत होत्या. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. माझ्या डोळ्यांना ती खुर्ची रिकामी होती. वेताची बैठक, मधे खोलगट झालेली. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते रिकाम्या खुर्चीसमोर कुणाच्या चेहऱ्यावर येत नाही. उशीर झाल्याबद्दल आपण एखाद्याची माफी मागतो आणि समोरचा नुसता हात वर करतो, तेव्हा येतं तसं काहीतरी.

खिशातून त्यांनी जुनं कार्ड काढलं. कडा पिवळ्या पडलेल्या, वर विषय, खाली सोळा वर्षांच्या मुलीची घाईची सही. ते त्यांनी टेबलाच्या पलीकडच्या कडेला, खुर्चीत बसलेल्याला वाचता येईल असं फिरवून ठेवलं.

शेगडीशी वाकलेल्या ओडेटने कोटाची बटणं सोडली. "बाई गं," ती म्हणाली, "केवढी ऊब आली एकदम."

मिस टारबॉक्सनी दाराची मूठ धरली, पाय उंबऱ्यावरून ओढून घेतला, आणि काहीही न बोलता त्या बाहेर गेल्या.